पडदा कशाच्या जागी?

शाळेला देणगी द्यावयाची म्हटली की पूर्वी दात्याच्या मनात घड्याळ, घंटा, बाके, फार तर एखादी खोली येत असे. खोलीच्या भिंतीत संगमरवरी शिला बसे आणि तीवर दात्याच्या मातापितरांची नावे कोरली जात. हल्ली या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. देवस्थानची समिती असो, ज्ञातीची शिक्षणसंस्था असो, किंवा परदेशी स्थिरावलेला एखादा माजी विद्यार्थी असो, शाळेस काही द्यावे असे मनात आले की प्रथम 'स्मार्ट बोर्ड' सुचतो. नारळ फुटतो, फीत कापली जाते, पडद्यावर पृथ्वी सूर्याभोवती फिरू लागते आणि पाहुणेमंडळी टाळ्या वाजवितात. मुलेही वाजवितात. या टाळ्यांनंतर सहा महिन्यांनी त्या खोलीत काय चालले आहे, याविषयी मात्र कोणी बोलत नाही. आम्हांस त्या सहा महिन्यांनंतरच्या खोलीविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

आम्ही यंत्रांचे वैरी नाही. जे डोळ्यांना एरवी दिसत नाही ते दाखविणारे साधन वर्गात येत असेल तर त्याचे स्वागतच करावे. परंतु वकिलीच्या व्यवसायात एक सवय अंगी बाणते. एखादी गोष्ट आहे असे जो म्हणतो, त्याने ती सिद्ध करावयाची असते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे तत्त्व होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम राहिले आहे. दृक्‌श्राव्य आणि ऑनलाइन साधनांनी शिक्षण सुधारते असे ज्यांचे म्हणणे, सिद्धतेचा भार त्यांच्यावर आहे; फळा, खडू आणि गुरुजी यांच्यावर नाही. आणि तो भार उचलण्यास 'मुलांना फार आवडते' एवढी एकच साक्ष पुरेशी नव्हे. पावसामुळे शाळेला मिळालेली सुट्टीही मुलांना फार आवडते.

आपल्या शास्त्रचर्चेची रीत अशी की, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावे आणि मगच उत्तरास हात घालावा. तेव्हा पूर्वपक्ष असा. पहिला मुद्दा दाखविण्याचा. दादासाहेब फाळके हे वडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येण्यापूर्वी त्यांनी एक छोटीशी चित्रफीत केली होती. वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्या वाढीची एकेक छायाचित्रे त्यांनी क्रमाने घेतली. ती सलग फिरविली तेव्हा कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत डोळ्यांपुढे घडू लागली. कोणताही शिक्षक, तो कितीही व्यासंगी असो, अंकुर वाढताना वर्गात दाखवू शकत नाही. हृदयाचे स्पंदन, हिमनदीची गती, ज्वालामुखीचा उद्रेक यांविषयीही असेच म्हणता येईल. दुसरा मुद्दा पोहोचविण्याचा. एखादा उत्तम शिक्षक एका गावात असतो आणि त्याची गरज शंभर गावांना असते. त्याचा पाठ ध्वनिचित्रमुद्रित केला तर तो शंभर गावांत पोहोचतो. तिसरा मुद्दा मुलाच्या गतीचा. वर्गात चाळीस मुले आणि शिकविणारा एक; जे मागे पडले ते मागेच राहते. यंत्र थकत नाही, चिडत नाही, आणि तोच प्रश्न दहा वेळा विचारला तरी 'एवढेही कळत नाही का?' असे म्हणत नाही.

हे तिन्ही मुद्दे वजनदार आहेत, आणि त्यांतील एकही आम्ही खोटा म्हणत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हा पडदा वर्गात येतो तो कशाच्या जागी? दिवसाचे तास ठरलेले आहेत, देणगीची रक्कम ठरलेली आहे, मुलाचे लक्षही मर्यादित आहे. नवी वस्तू आत आली म्हणजे जुने काहीतरी बाहेर जातेच. ते बाहेर गेलेले काय होते, हे पाहिल्याखेरीज आत आलेल्या वस्तूची किंमत करता येत नाही.

या साधनांना आपण अगदी नवी समजतो, तेथूनच विचारात घोटाळा सुरू होतो. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून साऱ्या संस्थानात सुरू केले. पुढे ग्रंथालयांची उभारणी करण्याकरिता त्यांनी विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलाविले. बोर्डन १९१० मध्ये वडोद्यास आले आणि १९१३ पर्यंत राहिले. त्या ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाची एक स्वतंत्र शाखा होती. चलच्चित्रे आणि जादूच्या दिव्याच्या काचपट्ट्या घेऊन तिची माणसे गावोगाव जात, आणि ज्यांना अक्षरओळख नाही अशा लोकांना चित्रांच्या द्वारे ज्ञान देत. त्याच खात्यातून पुस्तकांच्या लाकडी पेट्याही खेड्यापाड्यांत फिरत. या दोन गोष्टी एकाच खात्यात नांदत होत्या, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. चित्र पाहून ज्याची जिज्ञासा जागी झाली, त्याच्या हाती पुढे पुस्तक पडावे अशी सोय तेथे होती. चित्र पुस्तकाच्या जागी आले नव्हते. पुस्तकाकडे नेण्यासाठी आले होते.

याच्याही मागे जाता येते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर हलती करून दाखविली आणि त्या खेळाला 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव दिले. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर समाजातील चित्रकथी आजही आपली परंपरा सांभाळून आहेत. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या जवळ चित्रांचा जो संच असतो त्यास ते 'पोथी' म्हणतात. एकेक चित्र पुढे धरावयाचे आणि वाद्यांच्या साथीने त्या प्रसंगाची कथा गात सांगावयाची, ही त्यांची रीत. आता विचार असा करावा की, ही चित्रांची पोथी देवळाच्या मंडपात नुसतीच मांडून ठेवली आणि चित्रकथी घरी गेला, तर काय होईल? येणारे-जाणारे पाहतील, छान आहे म्हणतील आणि पुढे जातील. कथा घडणार नाही. चित्राला कथा फुटते ती सांगणाऱ्याच्या तोंडून, आणि तीही समोरच्या श्रोत्यांचे चेहरे पाहून. कोणते चित्र किती वेळ धरावयाचे, हे चित्रावर लिहिलेले नसते.

कीर्तनाची बांधणी तर आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे किंवा श्लोकाचे निरूपण होते, मध्ये नामसंकीर्तन होते, आणि मग उत्तररंगात आख्यान लागते. आख्यान रसाळ असते, मुलेबाळे त्याचीच वाट पाहत असतात. तरीही बुवा आख्यानाने आरंभ करीत नाहीत. निरूपणात जो सिद्धांत मांडला, तो दृष्टांताने मनात रुजविण्यासाठी आख्यान असते. वर्गातील चित्रफितीचे स्थान आम्हांस नेमके हेच वाटते. शिक्षकाने पूर्वरंग मांडावा, प्रश्न उभा करावा, मुलांना थोडे अडखळू द्यावे, आणि मग पडदा उजळावा. ज्या वर्गात प्रथमपासून अखेरपर्यंत पडदाच बोलतो आणि गुरुजी मागच्या बाकावर हजेरीपट भरीत बसतात, तेथे पूर्वरंगावाचून उत्तररंग चालू असतो. श्रोते रंगतात, पण घरी काय घेऊन जातात, हे विचारू नये.

कोणी म्हणेल, हे सारे उपमेचे पांडित्य झाले; पुरावा कोठे आहे? प्रश्न रास्त आहे. सुदैवाने पुरावा आहे, आणि त्यातील महत्त्वाचा भाग पुन्हा वडोद्याचाच आहे.

२००० च्या सुमारास गुजरात सरकारने वडोद्याच्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. नंतर पाहणी केली तेव्हा असे दिसले की, प्राथमिक वर्गांतील मुलांसाठी त्यांतील फारच थोडे वापरात होते. कित्येक तर खोक्यांतच होते. मग 'प्रथम' या संस्थेने तेथे काम सुरू केले आणि अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याची शिस्तशीर परीक्षा केली. यांपैकी बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. प्रयोग असा होता. चौथीच्या मुलांनी आठवड्यातून दोन तास, एक शाळेच्या वेळात आणि एक वेळेबाहेर, संगणकावर गणिताचे खेळ खेळावयाचे. एका संगणकापुढे दोन मुले. आणि सोबत वस्तीतीलच एक प्रशिक्षित तरुण मार्गदर्शक. मुलाला जे गणित येते त्याच्या पुढची पायरी यंत्राने द्यावयाची. कोणत्या शाळांत हे चालावयाचे ते चिठ्ठ्या टाकावयाच्या रीतीने ठरविले होते, म्हणजे निवडीत पक्षपात नको. दोन वर्षांनंतर निकाल असा आला की, गणितात या मुलांची प्रगती इतरांहून स्पष्टपणे अधिक होती. भाषेत मात्र काहीच फरक नव्हता. आणि प्रयोग थांबल्यानंतर एका वर्षाने पाहिले तेव्हा गणितातील लाभाचाही मोठा भाग ओसरला होता.

याच अभ्यासात दुसरा एक उपाय पारखला गेला होता. मुंबई आणि वडोदे येथील शाळांत 'बालसखी' नेमल्या होत्या. त्याच वस्तीतल्या, माध्यमिक शिक्षण झालेल्या या तरुणी. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण घेऊन त्या तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरावीस मुले वेगळी घेऊन बसत, आणि रोज दोन तास त्यांच्याकडून अक्षरे, जोडाक्षरे, बेरीज-वजाबाकी करवून घेत. त्यांना वेतन महिना ५०० ते ७५० रुपये, म्हणजे अगदीच अल्प होते. त्यांच्या मुलांचीही प्रगती झाली, आणि गणिताबरोबर भाषेतही झाली. अभ्यासकांनी खर्चाचा हिशेब मांडला तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्याच लाभासाठी बालसखीचा उपाय संगणकाच्या उपायापेक्षा पाच ते सात पट किफायतशीर ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष स्मार्ट बोर्डाचे पत्रक हाती घेऊन बसलेल्या प्रत्येक समितीने एकदा मोठ्याने वाचावा, अशी आमची विनंती आहे.

यापुढची साक्ष अहमदाबादच्या बाजूची. वडोद्याच्या अभ्यासातील ली लिंडन यांनीच गुजरातमध्ये 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांत आणखी एक परीक्षा केली. काही ठिकाणी शाळेच्या वेळातील अध्यापन कमी करून त्या जागी मुलांना संगणकावर बसविले. काही ठिकाणी नेहमीची शाळा पूर्ण ठेवून तिच्याबाहेरच्या वेळात संगणक दिला. यंत्र तेच, पाठ तेच, संस्था तीच. पहिल्या मुलांचे शिक्षण कमी झाले. दुसऱ्या मुलांचे वाढले. चांगल्या अध्यापनाच्या जागी आलेल्या संगणकाने हानी केली आणि रिकाम्या वेळाच्या जागी आलेल्या संगणकाने लाभ दिला. 'कशाच्या जागी?' हा आमचा प्रश्न केवळ शब्दांचा खेळ नाही, हे सांगण्यास याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

तिसरी साक्ष दिल्लीची आहे, आणि ती यंत्राच्या बाजूची असल्यामुळे ती दडपून ठेवणे अन्यायाचे होईल. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळाबाह्य केंद्रांतील मुलांची प्रगती तपासली. तेथे दीड तासाच्या बैठकीत अर्धा वेळ मुलाच्या पातळीनुसार प्रश्न देणारी संगणकप्रणाली आणि अर्धा वेळ लहान गटात माणसाचे शिकविणे, अशी योजना होती. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोहोंतही भरघोस सुधारणा दिसली. त्याच अभ्यासातील एक गोष्ट मन विषण्ण करणारी आहे. सहावीत बसलेली मुले गणितात सरासरीने सुमारे अडीच इयत्ता मागे होती. म्हणजे सहावीचा पाठ त्यांच्यापुढे फळ्यावर लिहा की पडद्यावर झळकवा, तो त्यांच्या डोक्यावरून जाणार. यंत्र उपयोगी पडले ते चकचकीत होते म्हणून नव्हे. मूल जेथे उभे आहे तेथे ते खाली उतरले म्हणून. बालसखीही तेथेच उतरली होती. यशाचे कारण दोन्हीकडे एकच आहे. आता आपल्या शाळांत बसविला जाणारा स्मार्ट बोर्ड पाहा. तो साऱ्या वर्गाला एकच चित्र, एकाच वेगाने, एकाच पातळीवर दाखवितो. जो दोष फळ्यात होता तोच येथे अधिक उजळ झाला आहे.

सरकारी योजनांचा इतिहास या अंगाने वाचला म्हणजे पुष्कळ गोष्टी समजतात. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचविण्याचा मोठा प्रयोग झाला; सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. उपग्रह उसना होता. मुदत संपली तसा तो गेला. पुण्यास १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' निघाली. मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम करणारी ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. त्याच २०१७ मध्ये केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे ऑनलाइन साधन सुरू झाले, आणि पाठ्यपुस्तकांत धड्याशेजारी क्यूआर कोडचे काळे चौकोन छापले जाऊ लागले. एक दार बंद होते, दुसरे उघडते. दारावरची पाटी बदलते. वर्गातील शिक्षक मात्र तोच असतो, आणि प्रत्येक नव्या पाटीबरोबर त्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागतो.

कायद्याच्या अंगानेही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तेथेही 'कशाच्या जागी?' हाच प्रश्न उभा राहतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडले आहे. प्रत्येक शाळेत काय असलेच पाहिजे याची ती यादी आहे. प्राथमिक वर्गांत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत. वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय हवे. खेळाचे साहित्य हवे. पिण्याचे पाणी हवे. या यादीत संगणक नाही, पडदा नाही. याचा अर्थ ती साधने निषिद्ध आहेत असा कोणी काढू नये. अर्थ इतकाच की, यादीतील गोष्टी अपुऱ्या असताना यादीबाहेरची गोष्ट घेणे म्हणजे देवाच्या नैवेद्याला तांदूळ नसताना मखराला विजेची रोषणाई करण्यासारखे आहे.

दुसरी बाजूही मांडतो. केरळच्या उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी असा निर्णय दिला की, इंटरनेट वापरता येणे हे शिक्षणाच्या हक्काचे आणि खासगीपणाच्या हक्काचे अंग आहे. वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा भ्रमणध्वनी वापरण्यास मनाई करणाऱ्या नियमावरून हा वाद उद्भवला होता. निर्णयानंतर सहाच महिन्यांनी साऱ्या देशातील शाळा महासाथीमुळे बंद झाल्या आणि या तत्त्वाची कठोर कसोटी लागली. 'असर' या वार्षिक पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्क्यांवर गेले. गरिबांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले, हा त्या आकड्याचा अर्थ. पण त्याच पाहणीत असेही आढळले की, मागील आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती. फोन घरात आला, पण त्याच्या पलीकडे शिक्षक असेलच याची खात्री नव्हती. हक्क साधनाचा मिळाला. शिक्षणाचा मिळाला असे त्यावरून म्हणता येत नाही.

आणखी एक बाब पालकांच्या ध्यानी क्वचितच येते. पुस्तक वाचणाऱ्या मुलाकडे पुस्तक पाहत नाही, पडदा पाहतो. मे २०२२ मध्ये 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने ४९ देशांतील शैक्षणिक साधनांची तपासणी करून असा आक्षेप घेतला की, त्यांतील बहुतेक साधने मुलांची माहिती मुलांना न कळत गोळा करतात. आपल्याकडील 'दीक्षा'चेही नाव त्यात होते. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी, हे तत्त्व त्यात घातले. तत्त्व उत्तम आहे. पण शाळेच्या सूचनेसरशी एखादे ॲप फोनवर उतरविताना 'मान्य आहे' या चौकटीवर बोट ठेवणाऱ्या आईबापांपैकी किती जण आपण काय मान्य केले हे सांगू शकतील? दस्तऐवज न वाचता सही करू नये, हा सल्ला आम्ही अशिलांना नित्य देतो. मुलांच्या बाबतीत तो अधिकच पाळावयास हवा.

आतापर्यंतच्या विवेचनावरून आम्ही ऑनलाइन साधनांना सर्वत्र दुय्यम लेखतो असा कोणाचा ग्रह झाला असेल, तर तो दूर करण्यासाठी आमच्याच वाचकवर्गाकडे वळतो. हैदराबादेस, इंदुरास, ग्वाल्हेरीस अशी कितीतरी मराठी घरे आहेत की जेथील मूल हिंदी, तेलुगू किंवा इंग्रजी शाळेत जाते आणि मराठी फक्त आजीशी बोलते. बेळगावकडील मराठी शाळांतील मुलांना शाळेबाहेर मराठी वाचनसाहित्य सहज लाभत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय भाषिक अल्पसंख्य मुलांना करून द्यावी, असे संविधानाचा ३५० क हा अनुच्छेद १९५६ पासून सांगत आला आहे. पण अनुच्छेदाने घरात पुस्तक येत नाही. अशा घरात महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तके फोनवर उतरवून घेता येतात, वाईत सिद्ध झालेला मराठी विश्वकोश फुकट वाचता येतो, एखादी गोष्ट शुद्ध मराठी उच्चारांत ऐकता येते. येथे पडदा कशाच्या जागी आला? कशाच्याच नाही. ती जागा रिकामी होती. या मुलाला ऑनलाइन साधन हा निव्वळ लाभ आहे, आणि तो त्याला मिळवून देण्यात आपल्या मंडळांनी कुचराई करू नये.

तेच साधन गोव्यातील एखाद्या खेड्यात गेले की हिशेब पालटतो. तेथे शिक्षिका आहे, मुले थोडी आहेत, आणि त्या मुलांची बोली शिक्षिकेला कळते. लिखित कोंकणीचा साचा बराचसा अंत्रुजी बोलीवर बेतलेला आहे. बार्देशातील किंवा साष्टीतील मूल घरी वेगळे बोलते, आणि पेडण्याच्या बाजूचे मूल आणखी वेगळे. मुलाच्या तोंडच्या शब्दावरून पुस्तकातल्या शब्दाकडे त्याला हाताला धरून न्यावे लागते. मुद्रित आवाजाला हे करता येत नाही. त्याला समोरच्या मुलाने काय म्हटले ते ऐकूच येत नाही. मराठी शिकणाऱ्या गोमंतकीय मुलाचीही हीच गोष्ट. घरची कोंकणी आणि पुस्तकातली मराठी यांच्यामध्ये जो साकव आहे त्यावर शिक्षिका उभी असते. तिला बाजूस सारून तेथे पडदा टांगणे, हा तोट्याचा व्यवहार होय.

तेव्हा दात्यांनी आणि समित्यांनी काय करावे? गोव्यातील देवस्थाने १९३३ च्या महाजनी नियमावलीखाली चालतात. इतरत्र सार्वजनिक न्यासांचे कायदे आहेत. सर्वत्र हिशेब तपासला जातो, पण तपासनीस पावती पाहतो. पावतीवरची वस्तू वापरात आहे की खोक्यात, हे तो पाहत नाही. ते पाहण्याची जबाबदारी देणाऱ्याचीच आहे. देणगीपूर्वी मुख्याध्यापकांना समोर बसवून विचारावे: हे साधन कोणत्या तासाला वापरणार, आणि त्या तासाला आज काय होते? ते चालविण्याचे प्रशिक्षण कोणाला मिळाले आहे? दोन वर्षांनी दिवा गेला, तार तुटली, वर्गणी संपली, तर खर्च कोण करणार? मुलांची माहिती कोणाच्या हाती जाणार? ही उत्तरे समाधानकारक मिळाली तर पडदा अवश्य द्यावा. न मिळाली तर रक्कम राखून ठेवावी.

आणि राखून ठेवलेल्या रकमेसाठी आमच्याजवळ एक सूचना आहे. आपल्या देवळांच्या अग्रशाळा उत्सवाचे दिवस सोडले तर संध्याकाळी रिकाम्याच असतात. गावातील एखाद्या शिकलेल्या मुलीला वाजवी वेतन द्यावे. मागे पडलेली पंधरावीस मुले शाळा सुटल्यावर दीड तास तिच्याकडे बसवावीत. पुस्तकांचे एक कपाट ठेवावे, आणि जवळ एकदोन संगणकही असावेत. मुलाने अर्धा वेळ त्यांवर आपल्या पातळीचे गणित करावे आणि अर्धा वेळ तिच्यापुढे मोठ्याने वाचावे. येथे कोणाचा तास बुडत नाही, कोणाची नोकरी जात नाही, आणि यंत्र रिकाम्या वेळाच्या जागी येते. वडोदे, अहमदाबाद आणि दिल्ली येथील तिन्ही अनुभव याच रचनेच्या बाजूने बोलतात.

या सूचनेत एकच उणीव आहे, ती आम्ही जाणतो. वेतनावर शिला बसविता येत नाही. दरमहा दिलेल्या पगाराला फीत नसते आणि तिच्या उद्घाटनाला पाहुणे येत नाहीत. पण आपल्याकडे नंदादीपाची देणगी देणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. तेल रोज घालावे लागते आणि ते कोणी घातले हे दर्शनाला येणाऱ्यांस ठाऊक नसते. तरीही पिढ्यानपिढ्या लोकांनी ते घातले आहे. त्या तेलातले थोडे अग्रशाळेतल्या त्या दीड तासासाठी निघाले, तर मागे पडलेल्या मुलांपैकी काही तरी पुढच्या वर्षी आपल्या इयत्तेचे पुस्तक स्वतः वाचतील.